होंजा वास्सयो? : बुसानहून फोहांग, एका दिवसात, एकटीने

चिंचगुळ

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोरियाला जाऊन आले. एकटी. वय ४९, गुडघे अजून शाबूत, कोरियन भाषा सबटायटलं वाचून येते तेवढीच. सेऊलबद्दल इथे आणि यूट्यूबवर ढिगाने आहे, त्यामुळे त्यात भर घालत नाही. हा धागा नऊ दिवसांतल्या फक्त एका दिवसाचा.

मी पाहते त्या कोरियन मालिकांना आमच्या घरी 'तुझे ते चिनी' म्हणतात. नवरा दहाला झोपतो, मग मी हेडफोन लावते. २०२१ साली 'होमटाउन चा-चा-चा' पाहिली. समुद्रकाठचं गोंगजिन नावाचं गाव, तिथे दवाखाना थाटणारी दातांची डॉक्टर, आणि गावातलं पडेल ते काम करणारा हाँग बानजांग. गोंगजिन कुठेच नाही, पण त्याचं बरंचसं चित्रण फोहांग शहराच्या आसपास झालंय हे तेव्हा कळलं. पुढे 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' (२०१९ ची, मी उशिरा पाहिली) तीही फोहांगच्याच गुर्योंगफो बंदरात घेतलेली निघाली. म्हटलं, म्हणजे एका दगडात दोन गावं.

गाईडबरोबर जायचं कारण सोपं. चोंगहाचा बाजार शहराच्या उत्तरेला, गुर्योंगफो पार दुसऱ्या टोकाला, होमिगोत त्याच्याही पुढे भूशिराच्या टोकावर. मधल्या बसगाड्या आपल्या लाल डब्यासारख्या, येतील तेव्हा येतील. एका दिवसात सगळं करायचं तर गाडी हवी, आणि मला डोंबिवलीतसुद्धा गाडी चालवायची भीती वाटते.

सकाळी साडेआठला बुसान स्टेशनसमोरून छोटी बस. आम्ही अकरा जण: फिलिपाइन्सच्या दोन बहिणी, मलेशियाचं एक कुटुंब, तैवानचं जोडपं, सत्तरीच्या एक जपानी बाई (त्याही एकट्या), आणि मी. एकटीने जाण्याचा पहिला फायदा बसमध्येच कळला. शेजारची सीट रिकामी, त्यामुळे माझी पर्स त्या दिवशी महाराणीसारखी बसून आली. गाईड पन्नाशीच्या, इंग्रजी आणि जपानी दोन्ही फर्डं. प्रत्येकाला विचारलं, मालिका पाहिली आहे का? मलेशियाच्या काकांनी 'नाही, बायकोने पाहिली आहे' असं अशा सुरात सांगितलं की मला आमचे हे आठवले.

चोंगहा बाजार. हा खराखुरा गावबाजार, दर पाच दिवसांनी भरणारा. आपला आठवडी बाजार असतो तसा, फक्त त्यांचा आठवडा पाच दिवसांचा म्हणायचा. आम्ही गेलो त्या दिवशी बाजार नव्हता, चारदोन दुकानं उघडी. 'चा-चा-चा'मधल्या पाट्या मात्र जागच्या जागी: बोरा सुपर, लोखंडी सामानाचं दुकान, 'दुपारी कॉफी, चांदण्यात बिअर' अशी पाटी असलेला कॅफे, आणि मधोमध तो स्क्विडचा पुतळा. गंमत अशी की पाटी खोटी, तिच्याखाली मिरच्या निवडत बसलेली माणसं खरी. फिलिपाइन्सच्या बहिणी पुतळ्याला मिठी मारून रडल्या. खरंच रडल्या. मला रडू आलं नाही, जरा हिरमोड झाला. पडद्यावर चौक केवढा वाटतो! प्रत्यक्षात आमच्या सोसायटीच्या पार्किंगएवढा.

तेवढ्यात एका आजींनी हटकलं. समोर सुकी मासळी आणि पर्सिमॉनचा ढीग. "होंजा वास्सयो?" हे मात्र सबटायटलाशिवाय कळलं: एकटी आलीस का? मी म्हटलं, "ने, होंजा." (हो, एकटी.) त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, शेजारणीला काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या, आणि एक पर्सिमॉन माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "सोबिसु!" सर्व्हिस. फुकट दिलेल्या गोष्टीला तिकडे सगळे हाच शब्द वापरतात. मी पाच आणखी विकत घेतले. आजी धंद्याला पक्क्या होत्या.

सबांग उद्यान. 'चा-चा-चा'मधली टेकडीवर चढवलेली ती होडी इथे आहे. सबांग म्हणजे जमिनीची धूप थांबवणं. १९७० च्या दशकात इथल्या बोडक्या टेकड्यांवर मोहीम काढून झाडं लावली, त्याच्या स्मरणार्थ हे उद्यान आहे. होडी बघायला येणाऱ्या आमच्यासारख्यांना हे गाईडने सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. वारा असा की बोलताना शब्द तोंडातून उडून जात होते. होडीशी फोटोची रांग. एकटीने गेलं की फोटो कोण काढणार ही माझी मुख्य चिंता होती, ती गाईडबाईंनी मिटवली. वीस फोटो काढले, त्यातल्या एकोणीस फोटोंत नाक टोमॅटो. विसावा चांगला आलाय, तो नवऱ्याला पाठवला. उत्तर आलं: 'होडी डोंगरावर कशाला?'

तिथून निघाल्यावर बसमध्ये जरा खडाजंगी झाली. सहप्रवाशांपैकी एकाने (देश सांगत नाही) विचारलं, मालिकेतल्या गामरी आजींचं घर कधी दाखवणार? गाईड म्हणाल्या, नाही दाखवणार. त्या घरांमध्ये माणसं राहतात. मालिका चालू असताना लोक अंगणात घुसायला लागले तेव्हा निर्मात्यांनीच विनंती केली होती की डॉक्टरचं, बानजांगचं आणि आजींचं घर खासगी आहे, जाऊ नका. तो म्हणाला, आम्ही पैसे भरलेत. गाईड म्हणाल्या, मला भरलेत, त्या घरच्यांना नाही.

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात ते घर होतंच. त्या पडवीत बसून मक्याचं कणीस खायचं असं ठरवून गेले होते. पण लहानपणी आजोळी आलेल्या कोणा पाहुण्यांनी न विचारता माजघरात डोकावलेलं आजीला किती झोंबलं होतं ते आठवलं आणि गप्प बसले.

गुर्योंगफो. नऊ ड्रॅगनांचं बंदर. दहा वर उडाले, एक समुद्रात पडला, नऊ गेले, अशी दंतकथा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या कागावा भागातले मच्छीमार इथे येऊन स्थिरावले. त्यांची लाकडी घरांची गल्ली अजून आहे, आणि तीच 'कॅमेलिया'मधलं ओंगसान. गंमत पाहा, मालिकेत ओंगसान चुंगचोंग प्रांतात आहे आणि पात्रं तिथली हेल काढून बोलणारी बोली बोलतात. गुर्योंगफो आहे ग्योंगसांग प्रांतात, तिथली बोली ठसकेबाज. म्हणजे शूटिंग मालवणात आणि सगळे वऱ्हाडी बोलताहेत असं काहीतरी. मालिकेतल्या खेकड्याच्या लोणच्याच्या खानावळींची गल्लीही तिथे नाही, त्याऐवजी मोठमोठ्या बर्फखेकड्यांच्या टाक्या आहेत.

गल्लीतून वर जाणाऱ्या पायऱ्या तुम्ही पोस्टरवर पाहिल्या असतील. त्या पायऱ्यांच्या दोन्ही कडांना दगडी खांब आहेत. त्यांवर पूर्वी जपानी वर्गणीदारांची नावं होती. १९४५ मध्ये जपानपासून स्वातंत्र्य मिळाल्यावर लोकांनी ती नावं सिमेंटने बुजवली, पुढे खांब उलटे फिरवून मागच्या बाजूला कोरियन नावं कोरली. आम्ही सगळे पोस्टरच्या पायरीवर बसायला धावलो. जपानी बाई प्रत्येक खांबाशी थांबत सगळ्यांत शेवटी वर आल्या. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. दोघींनी मिळून बंदराकडे बघत पर्सिमॉन खाल्ले.

जेवण आपापलं होतं, आणि इथे एकटीची पंचाईत. गुर्योंगफोची खासियत म्हणजे मोरी गुक्सू. (हसू नका. मीही पाटी वाचून पाच मिनिटं हसत होते.) बोटीवर उरलेली मिळेल ती मासळी, शेवया आणि तिखट लाल रस्सा, मोठ्या पातेल्यात उकळत टेबलावर येतो. दुकानदारीण मला बघून दोन बोटं दाखवून म्हणाली, दोन माणसांपासून पुढे. मी एक बोट दाखवलं. तिने पुन्हा दोन दाखवली. जपानी बाई मासे खाऊन कंटाळल्या म्हणून आधीच चहाच्या दुकानात गेल्या होत्या. शेवटी मी शेजारी साध्या शेवयांचा वाडगा आणि लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड सारण भरलेले वाफवलेले पाव खाल्ले. पाव उत्तम होते, पण जीव त्या पातेल्यात अडकलाय तो अजून.

होमिगोत. होमी म्हणजे वाघाचं शेपूट. कोरियाचा नकाशा वाघासारखा मानला तर हे त्याचं शेपूट. समुद्रातून वर आलेला प्रचंड पंजा, १९९९ मध्ये नव्या सहस्रकासाठी बसवलेला. तो उजवा हात, डावा किनाऱ्यावर. प्रत्येक बोटावर एकेक सीगल. मालिकांशी संबंध शून्य, पण पैसे वसूल.

साडेसहाला बुसान. खर्च: सहलीचे सुमारे ७०,००० वॉन, खाणं आणि पर्सिमॉन मिळून आणखी वीसेक हजार. आपले साडेपाच हजार रुपये धरा. प्रश्न असतील तर विचारा, शनिवारी रिकामी आहे.

---

बोंबीलप्रेमी

नोव्हेंबरात गुर्योंगफोला जाऊन ग्वामेगीचा उल्लेख नाही?? धागा अर्धवट आहे असं समजतो.

---

चिंचगुळ

@बोंबीलप्रेमी, खाल्ली हो, खाल्ली! नको म्हणणार होते, पण गाईडबाईंनी टपरीवर एक घास करून हातात दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: थंडीत सॉरी नावाचा मासा (पूर्वी हेरिंग वापरत) समुद्रावरच्या वाऱ्यात टांगून ठेवतात. रात्री गोठतो, दिवसा सुटतो, असं होत होत अर्धवट सुकतो. मग समुद्री शेवाळाच्या पानात मासा, कांद्याची पात, लसूण आणि आंबट-तिखट लाल चटणी गुंडाळून एका घासात. आपला बोंबील कडकडीत वाळतो, हा आत तेलकट मऊ राहतो. पहिला चावा: बाप रे. तिसरा चावा: अजून आहे का? वासाचं म्हणाल तर हॉटेलवर जाऊन जॅकेट बाल्कनीत टांगावं लागलं.

---

बोंबीलप्रेमी

आता धागा पूर्ण झाला. आमच्याकडे अर्नाळ्याला बांबूच्या मांडवावर बोंबील टांगलेले बघायला कोणी बस भरून येत नाही. एखादी मालिका काढायला हवी.

---

शुद्धलेखन_काका

लेख चांगला. परंतु पोहांग की फोहांग? बातम्यांत पोहांग वाचले आहे. तसेच 'सेऊल' हा उच्चार कोरियन माणसाला कळेल काय?

---

सुवॉनकर

काका, पहिलं अक्षर आपल्या 'फ'च्या जवळचं आहे, ओठ मिटून सोडलेलं. फळातला फ, फॅनमधला नाही. इंग्रजीतून आलं म्हणून आपल्याकडे प झालं. सेऊलचं म्हणाल तर 'सउल' जास्त जवळ. पण तुम्ही काहीही म्हणा, टॅक्सीवाला एकदा 'ओदी?' (कुठे?) विचारणारच.

मी सेऊलजवळच्या सुवॉनला सहा वर्षं आहे, नोकरीनिमित्त. मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. क्रियापद शेवटी, नामाला प्रत्यय, आणि वडिलांना 'आप्पा'. माझ्या वडिलांना आम्ही आप्पाच म्हणतो, ते इथे आले तेव्हा रस्त्यात दर दोन मिनिटांनी वळून बघत होते.

---

अडाणी_अभियंता

गाईड कशाला लागतो हे मला कळलेलं नाही. बुसानच्या बुजोन स्टेशनवरून फोहांगला थेट रेल्वे आहे, २०२१ च्या डिसेंबरपासून. १ जानेवारी २०२५ पासून तर ती लाइन किनाऱ्याकिनाऱ्याने वर कांगनुंगपर्यंत जाते. स्टेशनवर उतरा, टॅक्सी करा, हवं तिथे हवा तेवढा वेळ थांबा. बसमध्ये 'चला चला, वीस मिनिटं' ऐकायला मी शाळेच्या सहलीत नाहीये. आणि गाईड नेईल त्या दुकानात वेळ वाया जातो तो वेगळाच.

---

चिंचगुळ

@अडाणी_अभियंता, चला-चला झालंच, नाकारत नाही. गुर्योंगफोला तास मिळाला, दोन हवे होते. पण चोंगहा, सबांग, गुर्योंगफो, होमिगोत ही चारी ठिकाणं टॅक्सीने करायची तर एकटीला भाडं परवडत नाही. चौघं असाल तर तुमचंच बरोबर. शिवाय त्या खांबांवर सिमेंट का आहे, हे मला टॅक्सीवाल्याने कुठल्या भाषेत सांगितलं असतं?

---

अडाणी_अभियंता

हा मुद्दा मान्य. बाकीचे नाही.

---

सुवॉनकर

दोघांचंही बरोबर आहे, ठिकाणावर अवलंबून. माझा अनुभव:

नामी बेटाला गाईड नको. 'विंटर सोनाटा' (२००२) मधली ती उंच झाडांची सरळसोट वाट तिथली. सेऊलच्या योंगसान किंवा छोंगन्यांगनीहून गापयोंगपर्यंत आयटीएक्स रेल्वे, मग धक्क्यावरून पाचेक मिनिटांची फेरी. बेट मुळात बेट नव्हतंच, १९४४ मध्ये छोंगफ्योंग धरणाचं पाणी चढलं आणि टेकाड वेगळं झालं. गापयोंगमध्ये ठिकठिकाणी फिरणारी पर्यटक बस आहे, तिने पेटीट फ्रान्स आणि मॉर्निंग काम बागही होते. मात्र जोडून-सुट्टीच्या दिवशी जाल तर सिंहगडावर रविवारी कांदाभजी मिळवण्याइतकं सोपं समजा.

सुवॉनलाही गाईड नको (मी आहे). १७९४-९६ मध्ये बांधलेला ह्वासोंग किल्ला, १९९७ पासून जागतिक वारसा. त्याच्या पोटातल्या हेंगगुंग वस्तीत 'अवर बिलव्हेड समर', 'लव्हली रनर' या मालिकांचं शूटिंग झालं. 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू'मधलं किंबापचं (शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात) दुकानही तिथलंच. प्रत्यक्षात ते किंबापचं दुकान नाही, त्यामुळे किंबाप मागू नका, मालक थकलेत.

गाईड घ्याच अशी जागा म्हणजे फोहांग. कारण धागाकर्तीने सांगितलंय तेच, अंतरं.

आणि घरांबद्दल चिंचगुळ यांनी लिहिलं ते महत्त्वाचं. सेऊलच्या बुकछोन या जुन्या घरांच्या भागात आता ठरावीक गल्ल्यांमध्ये संध्याकाळी ५ ते सकाळी १० पर्यटकांना बंदी आहे. मार्च २०२५ पासून १,००,००० वॉन दंड. पहाटेच्या प्रकाशात रील काढायला जाणाऱ्या पाहुण्यांना मी आधीच सांगून ठेवतो.

---

झुरिककर

आमच्याकडेही हेच लोण. ब्रिएन्झ तळ्याकाठचं इझेल्टवाल्ड हे चिमुकलं गाव. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'मध्ये नायक तिथल्या लाकडी धक्क्यावर पियानो वाजवतो. एवढी माणसं यायला लागली की २०२३ पासून धक्क्यावर जायला फिरतं फाटक आणि ५ फ्रँक. पियानो अर्थातच तिथे नाही. माझ्या सासूबाईंनी ५ फ्रँकचे रुपये केले आणि काठावरूनच 'दिसतोय की इथून!' म्हणाल्या.

---

खाष्ट_मावशी

मी काही म्हटलं की वाईट दिसतं, पण खोट्या गावासाठी खऱ्या पैशांचा चुराडा आहे हा. तेवढ्यात चार लोकांची अष्टविनायक यात्रा होते. आजी मालिकेतल्या, होडी मालिकेतली, पाटी मालिकेतली. तुम्ही पाहिलंत तरी काय?

---

वाईची_लेक

मावशी, आमच्या मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चं शूटिंग झालं. २००४ सालचा सिनेमा, अजून माणसं येतात आणि शाहरुख कुठे उभा होता विचारतात. आम्ही आधी तो घाट दाखवतो, मग हळूच म्हणतो, हा वाडा नाना फडणवीसांचा बरं का. दोन जण निघून जातात, एक जण वाडा बघायला थांबतो. धागाकर्ती तो थांबणारा एक जण आहे असं मला वाटलं.

---

खाष्ट_मावशी

बरं बरं. पर्सिमॉन म्हणजे काय ते सांगा कोणीतरी.

---

चिंचगुळ

मावशी, दिसायला केशरी टोमॅटो, पिकला की आत चिक्कू. कच्चा खाल्लात तर जीभ सुपारी खाल्ल्यासारखी आखडते. 'काय पाहिलंत' याचं उत्तर तेवढं: दोन मालिका, एक आजी, बरेच खांब आणि एक मासा.

---

शाकाहारी_पण_हौशी

मासे, मासे, आणि मासे. माझ्यासारखीने तिथे जायचं की नाही? अंडंसुद्धा खात नाही.

---

सुवॉनकर

जायचं, पण तयारीने. किमचीत बहुधा माशाचा सॉस असतो, आणि साध्या दिसणाऱ्या सुपाचं पाणीही बरेचदा सुक्या मासोळीचं. 'मांस नको' म्हटलं की ते मासा घालतात, त्यांच्या हिशेबात तो मांस नाही (इथल्या काही मंडळींच्याही नाही). पापागो या भाषांतराच्या अॅपवर 'मांस, मासा, अंडं, सुकी मासोळी चालत नाही' असं वाक्य तयार ठेवा. बिबिंबापमधून (भाज्या घालून कालवलेला भात) अंडं आणि मांस काढायला सांगता येतं. बौद्ध मठांचं जेवण शाकाहारी असतं. सहलीच्या दिवशी मात्र ठेपले सोबत ठेवा, गाईडच्या वेळापत्रकात हॉटेल शोधायला वेळ मिळत नाही. आणि रस्ता शोधायला नेव्हर किंवा काकाओचा नकाशा घ्या, गूगलवर तिथे विसंबू नका.

---

काळजीवाहू_आई

मुलगी २१ वर्षांची आहे, मैत्रिणीने ऐनवेळी टांग दिली, आता एकटीच जाते म्हणते. सुरक्षित आहे का? आणि असल्या सहलीत एकट्या मुलीला वेगळं पाडतात का?

---

चिंचगुळ

ताई, रात्री नऊला बुसानच्या मेट्रोत मी डोंबिवली लोकलपेक्षा निवांत होते. वेगळं कोणी पाडत नाही. उलट फोटोसाठी सगळे एकमेकांना लागतात, त्यामुळे दुसऱ्या थांब्यापर्यंत ओळखी होतात.

खरी काळजी वेगळीच. या सहलींना कमीत कमी माणसांची अट असते. माझं पहिलं बुकिंग होतं मंगळवारचं, दुसऱ्या एका कंपनीकडे. आदल्या रात्री आठला निरोप: माणसं भरली नाहीत, रद्द. पैसे परत आले, पण अकरा दिवसांनी, आणि दिवस गेला तो गेलाच. म्हणून मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी सहल ठेवू नका, हाताशी एक मोकळा दिवस असू द्या. शनिवार-रविवारी सहसा माणसं भरतात. निघायची जागा आदल्या दिवशी जाऊन बघून या. बुसान स्टेशनला इतके दरवाजे आहेत की मी बाहेर पडून पुन्हा आत गेले.

व्हिसा आपल्याला लागतोच. ते व्हिसाऐवजी ऑनलाइन परवानगीचं के-ईटीए प्रकरण भारतीय पासपोर्टला लागू नाही, त्यात वेळ घालवू नका.

---

नवरोबा_नं_१

चिंचगुळ ताई, तुमच्या यजमानांच्या 'होडी डोंगरावर कशाला' या प्रश्नाला माझा पाठिंबा आहे. उत्तर मिळालं का?

---

चिंचगुळ

हाँग बानजांगच्या आजोबांची होडी. बाकी सांगितलं तर कथानक फुटेल. आमच्या ह्यांनी मालिका लावली आहे, चौथ्या भागावर आहेत, आणि 'ही डॉक्टरीण फार शिष्ट आहे' असं मत झालंय. हेडफोन आता दोन लागतात.

---

तळेगावची_तुळस

सगळा धागा आत्ता वाचला. मी १२ ते १७ डिसेंबर बुसानला आहे, एकटीच, आणि फोहांगची शनिवारची सीट कालच घेतली. एक विचारू? मोरीवाल्या बाई दोन बोटांवर खरंच अडून बसतात का? एकटीने दोन वाट्यांचे पैसे दिले तर?

---

चिंचगुळ

पैसे दिले तर देतील की, पण पातेलं बघितलंय मी, ते दोघींना पुरून उरेल.

---

मासोळी_मीनल

थांबा, थांबा! शनिवार १३ तारखेचा का? बुसान स्टेशन, साडेआठ? माझंही बुकिंग त्याच दिवसाचं आहे. मीही एकटीच. सकाळपासून हा धागा नुसता वाचत होते, खातं फक्त हे लिहायला उघडलं.

---

तळेगावची_तुळस

हो, १३! निळं जॅकेट, गळ्यात पिवळा स्कार्फ. मोरी दोघींची, पण ग्वामेगी तू एकटीने खायची.